इतर या रकान्यात

आमच्या लॅबमध्ये चौदा महिन्यांच्या बाळाला जो मान मिळतो तो युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांनाही मिळत नाही. बाळ गाडीत झोपलेलं असेल तर आम्ही सगळे घड्याळाकडे बघत बसतो. बाळाने बूट काढू दिले नाहीत तर बुटांसकट संशोधन होतं. अध्यक्ष एकदा आले होते, त्यांना मात्र मी बर्फाने भरलेले बूट दाराबाहेर काढायला लावले होते.

माझं नाव बर्नडीन सोबचाक. सगळे बर्नी म्हणतात. डॉक्टर आर्डिस क्वाम यांच्या लॅबचं वेळापत्रक, फोन, फॉर्म आणि कपाटांच्या किल्ल्या सव्वीस वर्षं माझ्याकडे आहेत. मी मानसशास्त्रज्ञ नाही. माणसांमधलं मला जे काही कळतं ते त्यांना फोन करून करून कळलेलं आहे. कोणती आई वीस मिनिटं उशिरा येऊन रस्त्यावरच्या बर्फाला दोष देणार, कोणता बाप मुलाची जन्मतारीख सांगताना बायकोकडे बघणार, कोण "आमच्या बाईसाहेब काही विसरत नाहीत हं" असं म्हणतच आत येणार, हे मी नावांपुढे आधीच पेन्सिलीने लिहून ठेवते. खोडायची वेळ क्वचित येते.

आर्डिसने सारं आयुष्य एकाच प्रश्नावर काढलं. बोलता न येणाऱ्या बाळाने जे पाहिलं ते त्याच्यापाशी किती काळ राहतं? तिचं उत्तर ठाम होतं. काही महिने राहतं, मग जातं. तीन वर्षांच्या आतलं काहीच टिकत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. हे तिने पुस्तकांत लिहिलं होतं, वर्गात शिकवलं होतं आणि आमच्या लुथरन चर्चच्या तळघरात बुधवारच्या जेवणानंतर कॉफीबरोबर सांगितलंही होतं. मिनेसोटातल्या आमच्या या गावात एखादी गोष्ट चर्चच्या तळघरात सांगून झाली की ती सिद्ध झाल्यासारखीच असते.

निवृत्तीपूर्वीचा तिचा शेवटचा प्रयोग असा होता. शहाण्णव बाळं, प्रत्येक चौदा महिन्यांचं. बाळ आईच्या मांडीवर, समोर टेबल, टेबलापलीकडे आर्डिस. टेबलावर लाकडी उताराची पेटी. निम्म्या बाळांना आर्डिस तीन गोष्टी करून दाखवायची: लाल दार उघडायचं, लाकडी अस्वल उतारावर ठेवायचं, खुंटी दाबायची. अस्वल घसरत खाली येई आणि घंटा वाजे. उरलेल्या निम्म्या बाळांना काहीच दाखवायचं नाही. पेटी नुसती समोर ठेवायची आणि त्यांच्याशी खेळायचं. मग सगळ्यांना कागदी कपात ओट्सच्या बारा छोट्या कुरकुरीत कड्या खायला द्यायच्या आणि घरी पाठवायचं. अडीच वर्षांनी, मूल पावणेचारचं झालं की पुन्हा बोलवायचं, तीच पेटी पुढे ठेवायची आणि गप्प बसायचं.

नेमकी चौदा महिन्यांचीच बाळं का, बारा किंवा अठरा का नाहीत, असं अनुदान देणारे दर वेळी विचारत. आर्डिस दर वेळी दोन पानं उत्तर लिही. ती मी टाइप केलेली आहेत. दोन्ही पानांत कारण काही सापडत नाही, पण इतकं छान लिहिलेलं असे की पैसे मिळत.

पावणेचारच्या मुलांबरोबर आर्डिस बसत नसे. तिथे वेंडेल होकस्ट्रा बसायचा, मिशिगनहून आलेला तरुण डॉक्टर, उंच, सडसडीत, स्वतःच्या विनोदाला स्वतः आधी हसणारा. कोणत्या मुलाला पूर्वी दाखवलं होतं आणि कोणाला नाही, हे त्याला माहीत नसे. ती यादी माझ्या कपाटात, कुलपात. आणि ती माझ्याकडे होती म्हणूनच माझ्या निरीक्षणाला काही किंमत नव्हती. खरी मोजणी दोन विद्यार्थिनी चित्रफितीवरून करायच्या. चित्रफितीत मुलाचा चेहरा आणि टेबलाचा वरचा भाग, एवढंच दिसे. मी काचेमागे बसून माझा एक फॉर्म भरायचे, केवळ हजेरीपुरता. त्यात तीन चौकोन, तीन गोष्टींचे. खाली एक ओळ, 'इतर'. मूल रडलं, मुतलं, वेंडेलला चावलं, की ते 'इतर'मध्ये. 'इतर' कोणी वाचत नाही.

नोव्हेंबरात पहिली आली टेस हॉगन. दोन वेण्या, नाकाला शेंबूड, वेंडेलकडे बघण्याची तऱ्हा अशी की जणू तीच त्याची परीक्षा घ्यायला आली आहे. पेटीचं तिला काही आठवलं नाही. अस्वल तिने चाटून बघितलं. वेंडेलने कड्यांचा कप पुढे केला तशी तिने एक कडी तोंडात टाकली, एक डाव्या हातात घेतली आणि वेंडेलकडे बघत गोड हसली. हसत असताना तिचा डावा हात टेबलाच्या कडेवरून खाली गेला. गुडघ्याच्याही खाली. मूठ उघडली. ती तशीच थांबली, मान न वळवता. मग हात वर आला, बोटं फ्रॉकला पुसली गेली आणि ती पुढची कडी खाऊ लागली.

टेबलाखाली कुत्रं असेल तर घरी मुलं असं करतात. मी 'इतर'मध्ये लिहिलं: कडी डावीकडे खाली धरली, चार सेकंद. बाहेर आल्यावर मी तिच्या आईला सहज विचारलं, कुत्रा आहे का. नव्हता. मांजरही नव्हतं, बापाला शिंका येतात म्हणे.

तिसऱ्या मुलाने तेच केलं. मग पाचव्याने. सातव्याने. प्रत्येक वेळी डावा हात, प्रत्येक वेळी तोंड सरळ समोर, आणि चेहऱ्यावर ते हसू. मुलांचं लपवाछपवीचं हसू मी हजारदा पाहिलं आहे; ते फुटत असतं, त्यात ओठ दाबलेले असतात. हे तसं नव्हतं. हे मोठ्या माणसाचं हसू होतं, जेवणाच्या टेबलावर आपल्यापाशी काहीतरी आहे हे कोणाला कळू द्यायचं नसताना आणतात तसलं.

नाताळच्या आधी मी वेंडेलला म्हटलं, तुला काही दिसतं का रे. तो म्हणाला, मला फक्त दिसतं की मुलं माझ्यावर खूश आहेत, आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आहे. मी त्याला फॉर्म दाखवले. तो हसला. मग हसायचा थांबला आणि त्याने ते पुन्हा पहिल्यापासून वाचले.

जानेवारी संपेपर्यंत एकेचाळीस मुलं येऊन गेली. घंटेचा हिशोब आर्डिसला हवा तसाच लागत होता. दाखवलेल्या एकवीस मुलांपैकी तिघांनी घंटा वाजवली, न दाखवलेल्या विसांपैकीही तिघांनी. म्हणजे काही उरलेलं नाही. आर्डिसने निबंध लिहायला घेतला होता आणि ती कधी नव्हे ती गुणगुणत होती. माझ्या 'इतर'मध्ये मात्र सत्तावीस जण जमले होते. मी कपाट उघडून यादी लावून पाहिली. दाखवलेल्यांतले चौदा, न दाखवलेल्यांतले तेरा.

वेंडेल माझ्या खुर्चीच्या हातावर बसला. त्याचे कान लाल झाले होते. हुशार माणसाचे होतात.

"दोन्ही गटांत सारखं," तो म्हणाला. "म्हणजे पेटीचा संबंधच नाही. दोन्ही गटांना चौदाव्या महिन्यात सारखं काय मिळालं होतं, बर्नी?"

"कड्या."

"आणि?"

त्या खोलीत तेव्हा तीनच माणसं असायची. मी बाहेर थोरल्या भावंडांची नाकं पुसत असे. आईला आम्ही सांगून ठेवायचो की समोरच्या भिंतीवरच्या लाल ठिपक्याकडेच बघा, नाहीतर तुमच्या नजरेवरून बाळाला कळतं. आया शहाण्या असतात, अर्धा तास ठिपक्याकडे बघत बसतात. चित्रफितीच्या चौकटीत बाळ. आर्डिसकडे बघणारं असं तिथे बाळाखेरीज कोणी नव्हतंच. शहाण्णव बाळं, आणि प्रत्येकासमोर स्वतः आर्डिस, त्याच राखाडी स्वेटरमध्ये, तीच वाक्यं बोलत. दुसऱ्या कोणाला तिने ते कधी करू दिलं नाही. तो तिचा अभिमान होता.

गुरुवारी एक नवं बाळ यायचं होतं, पुढच्या तुकडीतलं. माय येर नावाच्या मुलीचं, टौ. मोठं भावंड बरोबर नव्हतं, म्हणून मी मोकळी होते. वेंडेल आणि मी काचेमागे बसलो. बाहेर शून्याखाली पंचवीस, इंजिन गोठू नये म्हणून गाड्या हीटरच्या तारा लावून उभ्या; आत आर्डिस बाळाला अस्वल दाखवत होती. सहासष्ट वर्षांची, पाठ ताठ, आवाज असा की मलाही ते अस्वल हवंसं वाटावं. घंटा वाजली. टौने टाळ्या वाजवल्या. आर्डिसने कप पुढे केला, बाळाने मूठ भरली, तीही दोन कड्या घेऊन, एक तोंडात टाकून हसली.

आणि तिचा डावा हात खाली गेला.

हात तिचा नसल्यासारखा गेला, एवढंच मी सांगू शकते. खांदा हलला नाही. बोलणं थांबलं नाही. "छान, छान, आणखी हवं?" असं ती टौला विचारत होती आणि तिकडे हात गुडघ्याच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर उघडा, त्यावर कडी. टौ मान कलती करून तिकडे बघत होता. बाळं सगळीकडे बघतात. हात मिटला, वर आला, बोटं स्वेटरला पुसली गेली.

ते गेल्यावर वेंडेल टेबलाखाली गुडघ्यांवर बसला. जमीन स्वच्छ होती. मी कप मोजला. टौच्या पोटात, मांडीवर, बुटात मिळून नऊ, कपात एक, आर्डिसने खाल्लेली एक. एक कमी. वेंडेल म्हणाला, तिच्या बाहीत गेली असेल. मी झाडणाऱ्या ल्युसिलला गाठलं. ती म्हणाली, बाई, बाळाच्या बाजूला मला रोज अर्धी वाटी सापडते. डॉक्टरांच्या बाजूला कधीच काही नसतं, देव त्यांचं भलं करो. सहा वर्षं झाडतेय, म्हणाली.

"बाहीत," मी वेंडेलला म्हटलं. "सहा वर्षं."

त्याने विनोद केला नाही. त्याने तळघरातून जुन्या इमारतीच्या फिती आणल्या. तेव्हा कॅमेरा एकच असे, छताच्या कोपऱ्यात, सगळी खोली दिसायची. एकोणतीस वर्षांपूर्वीची एक फीत लागली. आर्डिसचे केस तपकिरी, कपाळ गुळगुळीत. समोर कोणाचं तरी बाळ. खेळ संपला, खाऊ आला, ती हसली आणि डावा हात खाली गेला.

वेंडेलला आनंद झाला. मी त्याला दोष देत नाही. तो शास्त्रज्ञ आहे. त्याच्या दृष्टीने घंटेपेक्षा हे लाखमोलाचं होतं. शिकवणाऱ्याला ठाऊक नाही, तपासणाऱ्याला ठाऊक नाही, आणि तरी मुलांनी अडीच वर्षं सांभाळलं. आर्डिसचा निबंध उलटा होत होता. सगळं टिकतं, फक्त आपण विचारतो ते टिकत नाही, असं तो म्हणाला. पण पुरावा एकच होता: माझे फॉर्म. चित्रफितीत मुलांचा खांदासुद्धा झुकलेला दिसत नव्हता. तो सोमवारी आर्डिसला सांगणार होता. मी त्याच्याकडून आठवडा मागून घेतला.

कारण मला वेगळीच चिंता होती. आर्डिसची आई शेवटची सात वर्षं स्वतःच्या मुलींना ओळखत नव्हती, आणि आर्डिसला त्या एकाच गोष्टीची भीती होती. आपला हात आपल्याला न कळता काही करतो असं तिला कागदावर वाचायला लागलं असतं. आधी तिच्या घरच्या कोणाला तरी विचारावं असं मला वाटलं. घरची म्हणजे एकच, थोरली बहीण इंगा, पंचाहत्तर वर्षांची, जी बुधवारी चर्चच्या तळघरात हॉटडिश नावाच्या भाजलेल्या पदार्थावर चिप्सचा चुरा भुरभुरवते आणि तो भुरभुरवण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला देत नाही.

मी भांडी पुसता पुसता विषय काढला. लहानपणी आर्डिस टेबलाखाली कुत्र्याला खाऊ घालायची का हो? इंगाने पुसलेली बशी पुन्हा पुसली. घरात कुत्रा नव्हता, म्हणाली. मग विचारलं, का. मी हाताने करून दाखवलं. तोंड समोर, हसू, हात खाली.

इंगा खुर्चीवर बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. स्वयंपाकघरातल्या बाकीच्या बायकांना तिने कॉफीचे थर्मास देऊन बाहेर पाठवलं, आणि मग भिंतीकडे तोंड करून बोलली.

नाताळच्या संध्याकाळी त्यांच्याकडे तांदळाची खीर व्हायची, नॉर्वेहून आलेल्या सगळ्या घरांत होते तशी. खिरीत एकच अख्खा बदाम. ज्याच्या वाटीत येईल त्याने तो सांगायचा नाही. गालात दडवायचा, लपवायचा, काही झालंच नाही असं तोंड करून बसायचं, सगळ्यांची खीर संपेपर्यंत. मग दाखवायचा आणि मार्झिपानचं, म्हणजे बदामाच्या मिठाईचं, डुक्कर जिंकायचं. इंगा आर्डिसहून नऊ वर्षांनी मोठी, म्हणजे त्या वर्षी साडेअकरा वर्षांची. वाढायचं काम तिचं होतं. तिने बदाम धाकट्या आर्डिसच्या वाटीत टाकला, मुद्दाम. बिचारी कधी जिंकायची नाही म्हणून. आर्डिस दोन वर्षं सात महिन्यांची. बदाम लपवायचा असतो हे तिला त्या दिवशी दहा वेळा शिकवलं होतं. गाल लहान होता. तिने तो खाली लपवला. टेबलाखाली त्यांचा भाऊ रांगत होता, एविंद.

"किती महिन्यांचा?" मी विचारलं, जरी मला विचारायची गरज नव्हती.

"चौदा," इंगा म्हणाली.

सगळे जण खीर खात एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, बदाम कोणाकडे आहे म्हणून. खाली कोणीच बघितलं नाही. आवाजही झाला नाही, ती म्हणाली. घशात बदाम अडकला की आवाज होत नाही.

त्यानंतर त्या घरात खीर झाली नाही. एविंदचं नाव निघालं नाही. फोटो आईने ठेवले नाहीत. आर्डिसने कधी काही विचारलं नाही, म्हणून तिला काही आठवत नाही असं सगळ्यांनी धरलं, पण इंगाला खात्री नव्हती. साठ वर्षं ती बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आर्डिसनेच, इथेच, या तळघरात, सगळ्यांना सांगितलं की तीनच्या आतलं काही टिकत नाही, शास्त्राने सिद्ध झालेलं आहे.

"त्या रात्री मी झोपले, पोरी," इंगा म्हणाली. "आडवी पडले आणि सकाळ झाली. माझं तसं कधी झालं नव्हतं." मग तिने माझा हात धरला, तिची बोटं साबणाच्या पाण्याने गार होती. "तुझे ते कागद कोणी वाचतं का?"

नाही, मी म्हटलं.

"मग ते असले काय आणि नसले काय. बदाम मी टाकला होता. तिने नाही. पण तिला तसं वाटायचं नाही, ती तेवढीच शहाणी आहे. तू ते कागद चुलीत घाल, बर्नी. मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही."

हे खरं होतं. उलट माझ्या नवऱ्याच्या आजारपणात चार महिने तिचंच जेवण आमच्या ओट्यावर येत होतं. मी त्या दिवशी लॅबमध्ये परत जाऊन एकेचाळीस फॉर्म काढले आणि पिशवीत घालून घरी नेले. सव्वीस वर्षांत एकही कागद मी घरी नेला नव्हता. दोन दिवस ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होते. चूल पेटलेली होती, हिवाळ्यात ती विझतच नाही. मी प्रत्येक फॉर्म वाचत गेले. कडी डावीकडे खाली, चार सेकंद. कडी डावीकडे खाली, पाच सेकंद. यातलं एकही मूल एविंदला ओळखत नव्हतं, आणि प्रत्येक जण त्याला भरवत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना माझ्या लक्षात आलं की मी पाय खुर्चीवर वर घेऊन बसले आहे.

जाळले नाहीत. जे घडलेलं लिहिलं ते जाळायचं मला जमलं नाही. याला कोणी प्रामाणिकपणा म्हणेल, माझा नवरा हट्ट म्हणायचा.

शुक्रवारी सकाळी दहाला आर्डिसने मला चहापाण्याच्या खोलीत बोलावलं. कोणत्या तरी आईने लिंबाच्या वड्या पाठवल्या होत्या, ताटली मध्ये होती. तिला हजेरीचे फॉर्म हवे होते. निबंधात एकेचाळीस मुलं आली अशी एक ओळ लिहायची होती आणि कपाटात फॉर्म नव्हते. माझी पिशवी माझ्या मांडीवर होती. ती पिशवीकडे बघून म्हणाली, "तू घरी नेलेस?" आणि तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मला काही आजार झालाय असं तिला वाटलं असावं.

मी फॉर्म काढून दिले. तिने मोजले, बरोबर भरले, बाजूला ठेवणार होती. मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. तिने वाचले. एकेक करत सगळे, चष्मा नाकावर सरकवत, दाखवलेल्यांची आणि न दाखवलेल्यांची दोन ढिगांत वाटणी करत. कोणतं मूल कुठल्या गटातलं हे तिला पाठ होतं.

"हे त्यांना कोणी शिकवलं?" तिने विचारलं.

मी तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. मला वाटतं तेवढ्यावर तिला कळलं. आईचं विसरणं कधी सुरू झालं होतं, कोणत्या वयात, हे ती मनात मोजत होती. ओठ हलत होते. म्हणून मी घाईने तिला जुन्या फितीचं सांगितलं. एकोणतीस वर्षांपूर्वीही होतं, तोच हात, तसाच. हे ऐकून ती खुर्चीत टेकली आणि हसली. खरंच हसली. तिला वाचल्यासारखं वाटलं होतं. आणि पुढच्याच क्षणी तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली.

"मग आलं कुठून?"

मी तिला सांगायचं की नाही हे दोन दिवस ठरवत होते, आणि तिने विचारल्यावर ठरवायला काही राहिलं नाही. तिला मी कधी खोटा आकडा सांगितला नव्हता. मी सांगितलं. खीर, बदाम, इंगाने कोणाच्या वाटीत टाकला ते आधी आणि दोनदा, मग टेबलाखाली कोण होतं ते. नाव सांगितलं. चौदा महिने सांगितले.

ती आयांचं ऐकते तशीच ऐकत होती, मान किंचित कलती, सगळं लक्ष. मी थांबल्यावर तिने एक लिंबाची वडी मोडली आणि अर्धी तोंडात टाकली.

"दोन वर्षं सात महिने," ती म्हणाली. "त्या वयातलं काही राहत नाही, बर्नी. मी चार पुस्तकांत लिहिलंय. इंगाला आठवतं कारण ती मोठी होती. मला भाऊ होता हे मी आज पहिल्यांदा ऐकतेय. काहीसुद्धा आठवत नाही. तू बघ ना माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काही आहे का?"

काही नव्हतं. ती माझ्याकडे बघून हसत होती, छान, मोकळं. एकेचाळीस मुलांपैकी सत्ताविसांचं जसं होतं तसं.

"आर्डिस," मी म्हटलं. "हात."

तिने मान खाली वळवली. तिच्या आयुष्यात त्या क्षणी ती पहिल्यांदा वळली असेल. डावा हात गुडघ्याखाली होता, उघडा, त्यावर अर्धी वडी. ती त्याच्याकडे बघत राहिली, जसं आपण दुसऱ्याच्या मुलाकडे बघतो. मला वाटलं आता ती हात झटकेल, ओरडेल, उठेल. तिने हात मागे घेतला नाही. सवयीने माझी नजर घड्याळाकडे गेली. चार सेकंद झाले, पाच झाले. वीस झाले. रेडिएटर टकटक करत होता.

"फॉर्म वेंडेलला दे," ती हळूच म्हणाली, मान तशीच खाली. "त्याला म्हणावं, चौथा चौकोन कर आणि सगळे मोज. निबंध मी पुन्हा लिहीन. इंगाला मी सांगेन, तू नको सांगूस."

मी फॉर्म गोळा केले. दाराशी पोचले तेव्हा मागून तिचा आवाज आला, माझ्याशी नाही, पण मला ऐकू येईल इतका.

"आज तो घेत नाहीये," आर्डिस म्हणाली.

मी टेबलाखाली न बघता दार लावून घेतलं आणि वेंडेलच्या खोलीकडे निघाले.